बोस्नियात सरकार सतत अडून का बसतं? तिथे पुन्हा युद्ध होईल का?

बोस्नियाबद्दलच्या तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत: तिथलं सरकार चालत का नाही, आणि युद्धाची भीती खरी आहे का. मी श्टुटगार्टला नोकरी करते. आमच्याकडे बोस्नियातून आलेले पुष्कळ जण आहेत, बोस्नियाक मुस्लिम, सर्ब, क्रोएट असे तिन्ही. त्यांच्यामुळेच मी या देशाविषयी वाचायला लागले.

सरकार अडतं, कारण ते अडवता यावं अशीच त्याची बांधणी आहे. १९९२ ते १९९५ च्या युद्धात सुमारे एक लाख माणसं मेली आणि जेमतेम ४४ लाखांच्या देशात २० लाखांहून जास्त लोकांना घरदार सोडावं लागलं. डेटन करारानं युद्ध थांबवलं आणि त्याच कराराचं एक परिशिष्ट देशाची राज्यघटना झालं. प्रत्येक समाजाला धास्ती होती की उरलेले दोघे मिळून आपल्याला संपवतील. म्हणून तिघांच्याही पायाखाली ब्रेक दिला. सर्बांचं रिपब्लिका स्रप्स्का आणि बोस्नियाक-क्रोएटांचं फेडरेशन असे दोन भाग, फेडरेशनमध्ये पुन्हा १० प्रांत. राष्ट्राध्यक्ष तीन, प्रत्येक समाजाचा एक, आणि त्यांच्यातलं अध्यक्षपद दर आठ महिन्यांनी फिरतं. ज्यू किंवा रोमा माणसाला या तिघांत उभंच राहता येत नाही. युरोपच्या मानवाधिकार न्यायालयानं २००९ मध्ये हे चूक ठरवलं, पण घटना अजून बदललेली नाही. कारण ती बदलायलाही तिघांची संमती हवी!

याचा सामान्य माणसाला काय त्रास होतो? २०१३ मध्ये नवजात बाळांना ओळख क्रमांक देणारा कायदा रद्द झाला आणि नवा होईना, कारण क्रमांकाची विभागणी दोन भागांच्या सीमेप्रमाणे करायची की नाही यावर वाद. क्रमांक नाही म्हणून पासपोर्ट नाही. तीन महिन्यांच्या एका आजारी बाळाला उपचारांसाठी परदेशी नेता येईना. तेव्हा राजधानी साराएव्होत आईबाप बाबागाड्या घेऊन संसदेसमोर उतरले, लोकांनी हात धरून इमारतीला वेढा घातला आणि खासदारांना रात्रीपर्यंत बाहेर पडू दिलं नाही. हे आठवलं की मला अजूनही गलबलून येतं. बोस्नियाक आणि क्रोएटांत विभागलेल्या मोस्तार शहरात तर २००८ ते २०२० अशी १२ वर्षं महापालिकेची निवडणूकच झाली नाही. माझी एक सहकारी तिथलीच. शहराच्या दोन भागांना वेगळी अग्निशमन दलं होती, हे ती इतक्या सहज सांगते की आपणच गप्प होतो.

अशा वेळी बाहेरच्या देशांनी नेमलेला 'उच्च प्रतिनिधी' आदेश काढून कोंडी फोडतो. १९९८ मध्ये त्यानं सगळ्या देशाला एकसारख्या नंबरप्लेट दिल्या, लॅटिन आणि सिरिलिक दोन्ही लिप्यांत सारखी दिसणारी अक्षरंच वापरून. गाडी कुठली ते कळेना, तेव्हा लोक न घाबरता पलीकडे जायला लागले. माझ्या मते युद्धानंतर भीती कमी करण्यासाठी यापेक्षा नेमकं काम क्वचितच झालं असेल. पण आज हेच अधिकार भांडणाचं मूळ आहेत. २०२१ मध्ये प्रतिनिधीनं वंशसंहार नाकारणं गुन्हा ठरवलं आणि सर्ब नेत्यांनी केंद्रीय संस्थांवर बहिष्कार टाकला. रिपब्लिका स्रप्स्काचे अध्यक्ष मिलोराद दोदिक यांना प्रतिनिधीचे निर्णय धुडकावल्याबद्दल फेब्रुवारी २०२५ मध्ये एक वर्ष कैद आणि सहा वर्षं राजकारणबंदीची शिक्षा झाली. त्यांच्या विधानसभेनं लगेच केंद्रीय न्यायालय आणि तपास पोलिसांना आपल्या भागात मनाई करणारे कायदे केले. तेव्हा आमच्या कॅन्टीनमध्ये बोस्नियावाले जेवताना फोनवरून नजर काढत नव्हते. ऑगस्टमध्ये शिक्षा अपिलातही कायम राहिली, दोदिक यांचं पद गेलं. गोळी मात्र चालली नाही.

म्हणून १९९२ सारखं युद्ध लगेच होईल असं मला वाटत नाही. तेव्हा बोस्नियन सर्बांच्या मागे युगोस्लाव्ह सैन्याच्या तोफा होत्या. आज देशाचं सैन्य एकच आहे, आणि युरोपीय संघाची 'आल्थेआ' फौज तिथे आहे. पण भीतीला वेडगळ म्हणू नका. स्रेब्रेनित्सा हे संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलेलं 'सुरक्षित क्षेत्र' होतं, आणि जुलै १९९५ मध्ये तिथेच ८,००० हून अधिक मुस्लिम पुरुष आणि मुलगे मारले गेले. ज्यांनी ते भोगलं, त्यांना परदेशी फौजेचा भरवसा कसा वाटेल? अनेक जण वाट न बघता देश सोडतात, आणि त्यातले कितीतरी इथे जर्मनीत येतात.

तुम्हाला लक्ष ठेवायचं असेल तर भाषणांपेक्षा दोन गोष्टींकडे बघा. एक ब्रच्को: हा छोटा स्वायत्त जिल्हा रिपब्लिका स्रप्स्काचे दोन तुकडे मधोमध तोडतो, त्यामुळे वेगळं व्हायचं तर आधी तो ताब्यात घ्यावा लागेल. दुसरी, आल्थेआची मुदत. ती सुरक्षा परिषद दरवर्षी नोव्हेंबरच्या सुमारास वाढवते, आणि रशियाच्या हातात नकाराधिकार आहे.