वाचकांचे प्रश्न: कायद्यात नसलेला गावकारभार

प्रश्न: मागच्या अंकातल्या कॅनडावरच्या लेखात मॅनिटोबातल्या मेनोनाइट (शस्त्र न उचलणारा एक ख्रिस्ती पंथ) लोकांचा ओझरता उल्लेख होता, की रशियातून येऊन त्यांनी मोकळ्या माळावर गावं वसवली आणि कारभार स्वतःच बघितला. कारभार बघितला म्हणजे नेमकं काय केलं? गावाला प्रमुख होता का, मतं कोण द्यायचं, टॅक्स कोण घ्यायचं, आणि सरकार काय करत होतं? – एक वाचक, ईमेलने

उत्तर: चार प्रश्न एका दमात विचारलेत तर उत्तरही लांबणार, चालवून घ्या. शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो कारण सगळी गोम त्यातच आहे. सरकार होतं, पण लांब होतं. 1873 मध्ये कॅनडा सरकारने या लोकांना लेखी कळवलं की तुम्हाला लष्करात यावं लागणार नाही, शाळा तुमच्या तुम्ही चालवा, जमीनही तुमच्यासाठी एकगठ्ठा राखून ठेवतो. ती राखीव जमीन म्हणजे रेड नदीच्या पूर्वेला आठ टाउनशिप आणि नंतर पश्चिमेला सतरा. एक टाउनशिप म्हणजे सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद असा चौकोन, यावरून अंदाज घ्या. पहिली तुकडी 1 ऑगस्ट 1874 ला रेड आणि रॅट नद्यांच्या संगमावर बोटीतून उतरली आणि पुढच्या काही वर्षांत सात हजारांच्या आसपास माणसं येऊन पोचली. मॅनिटोबा प्रांतच मुळात 1870 चा, त्यामुळे माळावर कचेरी-बिचेरी काही नव्हतं, जे करायचं ते यांनाच करायचं होतं.

आणि करायचं कसं हे त्यांना पाठ होतं. रशियात (तो भाग आज युक्रेनमध्ये आहे) त्यांची होर्तित्सा वसाहत 1789 ची, मोलोच्ना 1804 ची, म्हणजे दोन-तीन पिढ्या तिथे गावकारभार करण्यात गेलेल्या. गावाचा प्रमुख शुल्झ, त्याच्या हाताखाली दोन सहायक, गावसभा, आणि बऱ्याच गावांचं मिळून वर एक जिल्हा कार्यालय, त्याचा प्रमुख ओबरशुल्झ. हाच सगळा साचा त्यांनी उचलून माळावर आणून ठेवला.

आता रोजचं कसं चालायचं ते सांगतो. गाव म्हणजे एक सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना घरं, घर आणि गोठा एकाच छपराखाली एकमेकाला जोडलेले, अशी साधारण पंधरा ते तीस कुटुंबं. सभा बोलवायची असली की शुल्झ चिठ्ठी लिहून पहिल्या घरी द्यायचा, तिथून ती शेजारी, शेजाऱ्याकडून पुढे अशी रस्ताभर फिरायची. सभेत विषय काय, तर गुराखी कोण ठेवायचा, त्याला गुरामागे किती द्यायचं, सामाईक कुरणावर कुणी किती जनावरं सोडायची, शाळेत मास्तर कोण आणि त्याचा पगार कसा वाटून भरायचा, पूल मोडलाय तो कोण दुरुस्त करणार, कुंपण कुणाचं पडलंय. टॅक्स म्हणाल तर पैशापेक्षा कामच जास्त असायचं. रस्ता, चर, पूल यासाठी प्रत्येक घराने जमिनीच्या हिशोबात माणूस, घोडे आणि गाडी द्यायची, आणि शुल्झच्या वहीत त्याची नोंद व्हायची. रेड नदीचं खोरं एकदम सपाट आणि चिकण मातीचं, बर्फ वितळलं की पाणी तुंबून राहतं, त्यामुळे चर खणणं हे काही शोभेचं काम नव्हतं, ते नाही झालं तर पेरणीच लांबायची.

आगीची भीती तर दोन बाजूंनी होती. माळावरचा वणवा गावापर्यंत येऊ नये म्हणून कडेने जमीन नांगरून उघडी ठेवायची, आणि गावात घर-गोठा जोडलेला आणि वर गवताचा साठा, म्हणजे एक ठिणगी पुरे, म्हणून धुराडी तपासायची. त्यातूनही एखाद्याचं जळलंच तर नुकसान सगळ्यांकडून मालमत्तेच्या प्रमाणात वर्गणी काढून भरायचं. ही अग्निविम्याची पद्धत त्यांची फार जुनी, पोलंडच्या व्हिस्चुला नदीच्या मुखाशी राहत होते तेव्हा 1623 मध्ये सुरू केलेली. दोन देश बदलले पण विमा बरोबर घेऊन आले, मला तर याचं भारी कौतुक वाटतं.

शेताची वाटणी मात्र सगळ्यात मजेशीर. सरकारी कायदा (1872 चा) सांगतो की दहा डॉलर फी भरा, 160 एकरांचा एक तुकडा तुमच्या नावावर, तीन वर्षं तिथे राहा, कसा, मग पक्की सनद मिळेल. म्हणजे कायद्याच्या मनात चित्र असं की प्रत्येक जण आपापल्या चौकोनात एकटा राहणार. यांनी काय केलं, वीस-एक कुटुंबांनी आपापल्या नावावर तुकडे घेतले आणि मग आपसात करार करून ते सगळे एकत्र टाकले, मधे गाव वसवलं, कुरण वेगळं काढलं आणि उरलेल्या शेतीचे जवळचे, लांबचे, उंचावरचे, पाणथळ असे भाग पाडून प्रत्येक भागात प्रत्येकाला एकेक पट्टा दिला. सगळी चांगली जमीन एकाला आणि दलदल दुसऱ्याला असं होऊ नये म्हणून. कागदावर ज्याचं नाव आहे त्या 160 एकरांत प्रत्यक्षात दुसऱ्याच सात-आठ जणांचे नांगर चालायचे. शेवटी 1876 मध्ये सरकारनेच कायद्यात दुरुस्ती केली की शेजारी-शेजारी गाव करून राहिलात तरी चालेल, स्वतःच्या तुकड्यावर घर नसलं तरी हक्क जाणार नाही. पण बघा, सवलत फक्त राहण्यापुरती मिळाली. आपसातला करार, पट्टे, शुल्झ, गावसभा यातलं काहीही कायद्यात कुठेच आलं नाही.

मत कोणाला होतं ते राहिलंच. जमीनवाल्यांना. गावाच्या टोकाला छोट्या घरात राहणाऱ्या भूमिहीन कुटुंबाला कामाची पाळी यायची पण सभेत हात वर करता यायचा नाही. रशियातही हेच, तिथे एका कुटुंबाची 65 देस्यातिना (सुमारे 175 एकर) जमीन तोडता यायची नाही, एकाच वारसाकडे जायची, आणि 1860 च्या दशकात मोलोच्नात निम्म्याहून जास्त कुटुंबं भूमिहीन झाली तेव्हा मोठा तंटा पेटला आणि 1866 मध्ये सरकारला मधे पडून जमीन नसलेल्या घरमालकांनाही मत द्यायला लावावं लागलं. त्यामुळे यांचं स्वराज्य म्हणजे सगळे समान असं चित्र कुणी रंगवत असेल तर त्यावर जरा पाणी मारा.

प्रश्न: शुल्झचं कुणी ऐकलंच नाही तर? पोलीस नाही, कोर्ट नाही, मग दंड कसा वसूल व्हायचा? – एक वकील वाचक

उत्तर: वकीलसाहेब, बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलंत.

रशियात शुल्झच्या मागे सरकार उभं होतं. तो दंड करू शकायचा, शिक्षा म्हणून काम करायला लावायचा, फटके देण्याचाही अधिकार होता. योहान कॉर्निज नावाचे एक बडे गृहस्थ होते मोलोच्नात (मृत्यू 1848), ते झाडं किती लावायची, शेतं कशी कसायची यावर अख्ख्या वसाहतीला हुकूम सोडायचे, आणि लोक कुरकुरत का होईना पाळायचे, कारण त्यांच्या शब्दाला सरकारी खात्याचं वजन होतं. म्हणजे बाहेरून धार्मिक लोकांचा आपसातला कारभार दिसतो पण काठी झारची.

मॅनिटोबात ती काठी गेली. आता हातात राहिलं फक्त चर्च. ऐकलं नाही तर चर्चचे वडील समज देणार, मग सगळ्या मंडळीसमोर उभं करणार, आणि तरी नाही ऐकलं तर बहिष्कार. यांच्यात एकमेकाला कोर्टात खेचणं हे पाप, शपथ घेणं निषिद्ध, त्यामुळे गावाने त्या माणसावर केस करायचाही प्रश्न नव्हता. ज्याला मंडळीत राहायचंय त्याच्यासाठी बहिष्कार म्हणजे फार जबर शिक्षा. पण ज्याने मनाची तयारी केली, किंवा जो सरळ दुसऱ्या, जरा सैल चर्चमध्ये गेला, त्याला कोण अडवणार? त्याच्या नावाची सनद त्याच्या पेटीत. तो म्हणणार माझे 160 एकर मला द्या, मी तिथे घर बांधतो. आणि कायदा शंभर टक्के त्याच्या बाजूने. एकाने तुकडा काढून घेतला की त्यात ज्यांचे पट्टे होते ते सगळे उघडे पडणार, त्यांना दुसरीकडे जागा द्यायची तर सगळी वाटणी परत, मग दोघं-तिघं अजून कंटाळून बाहेर. स्वेटरचा एक धागा ओढावा तसं अख्खं गाव उसवायचं. अशी बरीच गावं मोडली, पूर्वेकडच्या राखीव भागात तर लवकरच.

त्यात 1880 च्या सुमारास प्रांताने नगरपालिकांची रचना आणली, पूर्वेला हॅनोवर आणि हेस्पेलर, पश्चिमेला ऱ्हाइनलँड आणि डग्लस. आता अधिकृत कारभारी वेगळा आणि गावाचा शुल्झ वेगळा. काही गटांनी हे मान्य केलं, पण पश्चिमेकडच्या ओल्ड कोलनी (जुन्या रीती घट्ट धरून राहिलेला मेनोनाइट गट) मंडळींचे वडील, म्हणजे चर्चचे प्रमुख, योहान वीबे यांनी साफ विरोध केला, त्यांची माणसं आपला स्वतःचा वरचा प्रमुख (आयझॅक म्युलर) मानत राहिली आणि सरकारी व्यवस्थेपासून होता होईल तेवढं लांब राहिली. माझं मत विचाराल तर वीबे हट्टी होते पण धोका त्यांनी अचूक ओळखला होता, मंडळीतल्या माणसाला दाद मागायला दुसरं दार मिळालं की पहिल्या दाराचा धाक उरत नाही. फक्त त्यांना तो नगरपालिकेत दिसला, आणि खरं भोक तर पहिल्या दिवसापासून जमिनीच्या कागदात होतं.

प्रश्न: बायकांना काही स्थान होतं का यात? – एक वाचिका

उत्तर: सभेत नाही. पण वारसाहक्कात मात्र त्या काळाच्या मानाने चकित व्हाल. नवरा गेला की अर्धी मालमत्ता विधवेची, उरलेली अर्धी मुलांत सारखी, मुलगा-मुलगी भेद नाही. विधवेला किंवा विधुराला पुन्हा लग्न करायचं असेल तर आधी मुलांचा वाटा मोजून वेगळा काढायचा आणि मगच लग्न. हे बघायला अनाथांसाठीचं एक वेगळं कार्यालय असायचं, वाइझेनआम्ट, त्याचे कारभारी मंडळी निवडायची, ते मुलांना पालक नेमून द्यायचे आणि मुलांचे पैसे सांभाळायचे. ते पैसे मग शेतकऱ्यांना व्याजाने दिले जायचे, म्हणजे चक्क गावची बँकच झाली. कर्जं थकली तेव्हा 1920-30 च्या काळात यातल्या काही बुडाल्या, आणि ठेवी कुणाच्या होत्या हे वेगळं सांगायला नको.

प्रश्न: आज असं एखादं गाव शिल्लक आहे का? – तोच वकील वाचक, दुसऱ्या ईमेलमध्ये

उत्तर: मॅनिटोबात नॉयबर्गथाल नावाचं 1876 चं गाव आहे, रस्त्याच्या दोन्ही बाजूंची घरं, झाडं, जुने घर-गोठे अजून बघायला मिळतात, 1989 मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ केलं. पण ते गावाचं रूप झालं, जुना कारभार नव्हे.

कारभार बघायचा तर मेक्सिकोत. 1916 मध्ये मॅनिटोबाने शाळा इंग्रजीच पाहिजे असा कायदा केला, ओल्ड कोलनीवाल्यांनी दंड भरले, काही जण तुरुंगात गेले, शेवटी 1922 पासून हजारोंनी उठून चिवावा राज्यात क्वाउतेमोकजवळ गेले. तिथे राष्ट्राध्यक्ष ओब्रेगोन यांच्याकडून आधी लेखी सवलती घेतल्या आणि मग जमीन विकत घेतली ती एकगठ्ठा, वसाहतीच्या प्रतिनिधींच्या नावावर. शेतकऱ्याला त्यातला वाटा कसायला मिळाला पण त्याच्या एकट्याच्या नावाची सनद नाही, आणि मंडळीबाहेर गेला तर जमिनीवर बोट ठेवून भांडायला कागद नाही. तिकडे गावांची घडी मॅनिटोबापेक्षा कितीतरी जास्त टिकली. सोय कुणाची झाली आणि गैरसोय कुणाची, हे तुम्ही वकील लोक जास्त चांगलं सांगाल.