पिंग लागतंय पण साइट ऑफलाइन दाखवतंय, फील्डवरून सर्व्हरपर्यंतचं कनेक्शन नेमकं कसं तपासायचं?

मालक, तुमचा प्रश्न असा आहे की मोहोळकडच्या पंपहाऊसवर आरटीयू (पंपाची माहिती गोळा करून पाठवणारं छोटं यंत्र) आणि फोर-जी राउटर बसवलाय, सर्व्हर सोलापुरात कंट्रोल रूमला, डेटा एमक्यूटीटीनं (यंत्रांनी छोटे संदेश पाठवायची पद्धत, ते सर्व्हरवर ब्रोकर नावाचं सॉफ्टवेअर घेतं) येतो, ऑफिसातून पिंग केलं (पलीकडचा जिवंत आहे का म्हणून हाक मारली) की उत्तर व्यवस्थित येतंय पण स्क्रीनवर साइट सारखी लाल म्हणजे ऑफलाइन दिसती आणि राउटर बंद-चालू केला की थोडा वेळ चालतंय, आणि त्यासाठी दरवेळी साइटवर जायलाच पाहिजे का. मी याच कामात आहे, पाणीपुरवठा आणि उपसा सिंचनाच्या साइट, माढा मंगळवेढा अक्कलकोट सगळीकडं फिरणं असतंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तो पिंग डोक्यातून काढा. साधं सिम असेल तर राउटरला स्वतःचा पब्लिक आयपी मिळतच नाही, ऑपरेटर एकाच आयपीमागं शेकडो लोक बसवतो. राउटरच्या स्टेटस पेजवर वॅन आयपी (ऑपरेटरनं राउटरला दिलेला पत्ता) बघा, तो १० नं सुरू होत असेल किंवा १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर तुम्ही ऑफिसातून ज्या आयपीला पिंग करताय तो ऑपरेटरचा आहे आणि उत्तरही बऱ्याचदा त्याचाच गेटवे देतोय, तुमचा राउटर बंद असला तरी पिंग लागंल. आणि समजा स्टॅटिक आयपीचं सिम आहे, तरी पिंग म्हणजे आयसीएमपी नावाचा वेगळा प्रोटोकॉल, तुमचा डेटा जातो टीसीपी या दुसऱ्या प्रोटोकॉलवरून सर्व्हरच्या १८८३ किंवा ८८८३ पोर्टला (म्हणजे त्या नंबरच्या दाराला), फायरवॉल एकाला सोडतो दुसऱ्याला अडवतो हे रोजचंच आहे.

कनेक्शन ज्या बाजूनं सुरू होतं त्याच बाजूनं तपासायचं, म्हणजे साइटवरून. आरटीयूची लॅनची केबल काढून लॅपटॉपला लावा, लॅपटॉपला आरटीयूचाच आयपी द्या आणि तिथून सर्व्हरच्या पोर्टला कनेक्ट करून बघा, विंडोजमधे पॉवरशेलचा टेस्ट-नेटकनेक्शन पुरेसा आहे. स्वतःच्या मोबाईलचा हॉटस्पॉट लावून टेस्ट करू नका, तुमचं सिम वेगळं, एपीएन (ऑपरेटरच्या नेटवर्कमधनं बाहेर जायची सेटिंग) वेगळा, रस्ताच वेगळा, त्यावर पोर्ट लागला म्हणजे आरटीयूचा लागंल असं अजिबात नाही. बरेच इंजिनियर हेच करतात आणि साइट ओके लिहून निघतात, मला ते बिलकुल पटत नाही.

त्याच वेळी कंट्रोल रूममधल्या माणसाला फोनवर ठेवा आणि सर्व्हरवर टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारा प्रोग्राम) लावायला सांगा. इथं खरं कळतं. तुमचं सिन पॅकेट (कनेक्शन मागणारं पहिलं पॅकेट) सर्व्हरवर दिसलंच नाही तर घोळ सिम, एपीएन नाहीतर मधल्या फायरवॉलचा. सिन आलं आणि सर्व्हरनं लगेच रीसेट (नकाराचं पॅकेट) पाठवलं तर रस्ता चांगला आहे, त्या पोर्टवर ऐकणारं सॉफ्टवेअरच चालू नाही. आणि तेच सिन पहिल्यांदा, मग एक सेकंदानं, मग तिसऱ्या, सातव्या सेकंदाला असं परत परत येताना दिसलं तर पॅकेट पोचतंय पण उत्तर परत जात नाहीये, मग सर्व्हरचा स्वतःचा फायरवॉल आणि परतीचं राउटिंग बघा. आमच्या एका साइटला असंच होतं, सगळे अँटेनाच्या मागं लागलेले, आणि सर्व्हरला दोन नेटवर्क कार्ड होते, पॅकेट एका कार्डवर यायचं आणि उत्तर दुसऱ्या कार्डावरून भलतीकडंच जायचं.

पण तुमच्या केसमधे राउटर रीस्टार्ट केला की चालतंय, म्हणजे पोर्ट उघडा आहे, प्रश्न कनेक्शन टिकण्याचा आहे. ऑपरेटरच्या नॅटमधे (एका आयपीमागं शेकडो लोक बसवणारी ती यंत्रणा) तुमच्या कनेक्शनची नोंद असते आणि लाइनवर काही बोलणं झालं नाही की ती नोंद तो पुसून टाकतो. २००८ च्या आरएफसी ५३८२ मधे (इंटरनेटच्या मानकांचा एक दस्तऐवज) लिहिलंय की ही मुदत २ तास ४ मिनिटांपेक्षा कमी नसावी, प्रत्यक्षात मोबाईल नेटवर्कवर ती खूपच कमी असू शकते. नोंद पुसली की आरटीयूला वाटतं आपण जोडलेलेच आहोत, तो पाठवत बसतो, सर्व्हरच्या स्क्रीनवर साइट मात्र लाल. आरटीयूत लिनक्स असेल तर नेहमीच्या सेटिंगला पंधरा-सोळा मिनिटं परत परत पाठवून मग तो हार मानतो, आणि त्यानंतर नवीन कनेक्शन करायचं काम फर्मवेअरचं (आरटीयूतल्या प्रोग्रामचं), ते नीट लिहिलेलं नसलं तर बसला लटकून. टीसीपीचा स्वतःचा किपअलाइव्ह (गप्प लाइनवर ठरलेल्या वेळानं आहेस का म्हणून विचारणं) आहे की म्हणाल तर लिनक्समधे तो नुसता चालू केला तर २ तासांनी पहिल्यांदा विचारतो, इथं काय कामाचा.

म्हणून पोर्ट लागला की लगेच गाडीत बसू नका. सर्व्हरवर एखाद्या रिकाम्या पोर्टवर नेटकॅट (आलेली ओळ नुसती दाखवणारा साधा प्रोग्राम) ऐकत ठेवा (ब्रोकरच्या पोर्टवर नको, तो गप्प बसलेलं कनेक्शन स्वतःच तोडतो), साइटवरून जोडा आणि गप्प बसा, दोन मिनिटांनी एक ओळ टाइप करा, पोचली का विचारा, मग पाच मिनिटं गप्प, मग दहा, वीस, तीस. ज्या अंतराला ओळ पोचायची थांबली ते आणि त्याच्या आधीचं अंतर यांच्या मधे कुठंतरी त्या नेटवर्कची मुदत, एमक्यूटीटीचा किपअलाइव्ह ओळ पोचलेल्या शेवटच्या अंतराच्या निम्म्याच्या आत ठेवा. सिमचा डेटा वाचावा म्हणून कुणीतरी तो १८०० सेकंद करून ठेवतं नाहीतर शून्य करून बंदच करतं, आणि सगळं दुखणं तिथं असतं. ६० सेकंद ठेवला तरी महिन्याला दहा एमबीच्या आसपास जातील, तेवढं सोडा की. शिवाय ठरलेल्या किपअलाइव्हच्या दीडपट वेळ काही आलं नाही तर ब्रोकर कनेक्शन तोडतो, म्हणजे साइट खरंच मेली तर दीड मिनिटात कळतं. हा प्रोटोकॉल १९९९ मधे अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी तेलाच्या पाइपलाइनवर लक्ष ठेवायला, सॅटेलाइटच्या महागड्या लिंकसाठी बनवलेला, आपल्या पाण्याच्या पाइपलाइनला तो चपखल बसतो, फक्त सेटिंग समजून करायला पाहिजे.

सिग्नल पण बघाच, पण कांड्या मोजू नका, राउटरमधे आरएसआरपी (सिग्नलच्या ताकदीचा आकडा) बघा, उणे ९० च्या आसपास चांगला, उणे ११० च्या पलीकडं गेला की भरवसा नाही. अँटेना लोखंडी पॅनलच्या आत ठेवली असेल तर आधी बाहेर काढा. साइट लाल झाल्याच्या वेळा लिहून गावच्या फीडरच्या वेळापत्रकाशी ताडून बघा, लाइट गेली की काही वेळानं टॉवरची बॅटरी पण उतरती आणि मग तुमच्या पॅनलमधे कितीही मोठा यूपीएस असू दे. आणि ८८८३ म्हणजे टीएलएस (सर्टिफिकेट तपासून डेटा कुलूपबंद पाठवणं) वापरत असाल तर आरटीयूचं घड्याळ बघा, उन्हाळ्यात आपल्याकडं पारा ४३-४४ ला जातो, पॅनलमधे त्याहून जास्त, आतला छोटा सेल गेला की लाइट आल्यावर तारीख १९७० वर जाती आणि सर्टिफिकेट अजून वैध नाही म्हणून कनेक्शन नाकारलं जातं.

दरवेळी साइटवर जायचं का विचारलंय, तर नाही. आरटीयूत किंवा राउटरमधे एक छोटी स्क्रिप्ट टाका, दर पाच मिनिटांनी सिग्नल किती, वॅन आयपी कोणता, सर्व्हरचा पोर्ट लागला का, हे लिहायचं, आणि डेटाबरोबर एक वाढत जाणारा नंबर पाठवायचा. पण ते तिथंच फाइलमधे साठवा, नुसतं सर्व्हरला पाठवून उपयोग नाही, लिंक गेल्यावरचीच तर माहिती पाहिजे. लिंक परत आली की फाइल मागवा, मधल्या वेळेतल्या नोंदी सलग असतील तर आरटीयू जिवंत होता आणि लिंक गेलेली, नोंदीच नसतील तर लाइट गेली नाहीतर आरटीयूच हँग.

एक गोष्ट मात्र करू नका, कुणी सांगितलं की पब्लिक आयपी घ्या आणि मॉडबसचा (कंट्रोलरशी बोलायचा प्रोटोकॉल) ५०२ पोर्ट बाहेर उघडून टाका तर ऐकू नका. मॉडबसला पासवर्ड नावाचा प्रकार नाही, ज्याला पोर्ट सापडला तो पंप चालू-बंद करू शकतो आणि त्या पंपावर गावं पाणी पितात. बाहेरून आत यायचंच असेल तर व्हीपीएन (इंटरनेटमधून जाणारा कुलूपबंद खासगी रस्ता) नाहीतर प्रायव्हेट एपीएनचं एमटूएम (यंत्रांसाठीचं) सिम घ्या.

वॅन आयपीचे पहिले दोन आकडे, किपअलाइव्ह किती ठेवलाय आणि आरटीयूत लिनक्स आहे का साधा कंट्रोलर एवढं सांगा, मग पुढचं बघू.