प्रशिक्षण संपल्यानंतरचा हंगाम

प्रिय मुली,
सप्रेम आशीर्वाद.

बायकांना शेती आणि पर्यावरणाची कामं शिकवण्यासाठी तू केलेला अभ्यासक्रमाचा आराखडा लक्ष देऊन वाचला. माती परीक्षण, बियाण्याची निवड, कीडनियंत्रण, रोपवाटिका, भूजलाची पातळी मोजणं... विषय अगदी योग्य निवडलेस. पण जवळजवळ प्रत्येक सत्रापुढे ‘महिलांमध्ये जागरूकता निर्माण होईल’ असं लिहिलंयस, तिथे मी अडले. जिचा निम्मा दिवस शेतात जातो, तिला शेतीबद्दल जागं करायला आपण कोण? तिला काय येत नाही हे नंतर बघू. जे येतं ते तिला करू का दिलं जात नाही, हे आधी शोध.

क्रिस्तोफर उड्री या अर्थशास्त्रज्ञाचा बुर्किना फासोमधल्या शेतीवरचा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. एकाच घरातले, एकाच वर्षी एकच पीक घेतलेले जमिनीचे तुकडे त्यांनी शेजारी ठेवून तपासले. बायकांच्या ताब्यातल्या तुकड्यांचं उत्पादन बरंच कमी निघालं. त्या तुकड्यांवर मजूर कमी लावले जात होते आणि घरातलं खत बहुतेक पुरुषांच्या तुकड्यांवर पडत होतं. अशा बाईला तू खताच्या मात्रेवर दिवसभर शिकवलंस, तरी तिच्या जमिनीत एक पाटीसुद्धा जास्त पडायची नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या २०२३ च्या अहवालातही हेच चित्र आहे. सारख्याच आकाराच्या शेतांमध्ये स्त्रिया आणि पुरुष यांच्या उत्पादकतेत २४ टक्क्यांचा फरक आहे. शेतमजुरीत पुरुषाला १ डॉलर मिळतो तिथे बाईला ८२ सेंट मिळतात.

म्हणून प्रत्येक सत्रापुढे दोन गोष्टी लिही. शिकलेलं वापरायला तिला उद्या काय लागेल, आणि ते आज कोणाच्या हातात आहे? कर्ज लागणार असेल तर कर्ज मंजूर करणारा माणूस सत्राला हजर हवा, आणि अर्ज तिथेच भरून झाला पाहिजे. मातीचा नमुना तिने काढला असेल, तर अहवालावर तिचंच नाव हवं आणि तो तिच्याच फोनवर आला पाहिजे. या बाबतीत मी हट्टी आहे. अहवाल ज्याच्या नावावर येतो, पुढचा सल्ला विचारायला लोक त्याच्याकडेच जातात.

यंत्रांबद्दल जरा जास्त लिहिते, कारण तुझ्या आराखड्यात त्यांना फक्त एक ‘प्रात्यक्षिक’ मिळालंय. स्त्री-पुरुषांच्या एकत्र गटात यंत्र सुरू झालं की काय होतं ते नीट बघ. पुरुष यंत्राभोवती गोळा होतात आणि बायका एकेक पाऊल मागे सरतात. कोणी त्यांना मागे जायला सांगितलेलं नसतं, तरी हे होतं. तेव्हा निदान पहिले काही दिवस गट फक्त बायकांचा ठेव, आणि लहान ठेव. प्रत्येकीने इंजिन उघडलं पाहिजे, प्लग काढून साफ करून परत बसवला पाहिजे, बंद पडलेलं यंत्र स्वतः चालू केलं पाहिजे. शिकवणारीही बाई असेल तर फारच उत्तम. पाठीवरचा १६ लिटरचा फवारणी पंप भरला की नुसत्या पाण्याचंच वजन १६ किलो होतं, पंपाचं वेगळं. हातमोजे आणि बूट पुरुषांच्या मापाचे असतील तर हातमोजा सैल बसतो आणि औषध आत ओघळतं. मग त्या बाईने मोजे काढून टाकले की आपण म्हणतो, ‘बायका काळजी घेत नाहीत.’ मापाचं साहित्य आधी मागव, फवारणीचा पाठ नंतर ठेव.

वेळ, प्रवासखर्च, मुलांना सांभाळायची सोय, स्वच्छतागृह हे तुला ठाऊकच आहे. फक्त ते अंदाजपत्रकात ‘इतर खर्च’ म्हणून तळाशी टाकू नकोस. कात्री तळापासून लागते.

पर्यावरणाच्या कामात कामाची वाटणी मला जास्तच खटकते. पिशव्यांत माती भरणं, रोपांना पाणी घालणं ही कामं रोजंदारीवर बायकांकडे. नकाशे, ड्रोन, वन्यप्राण्यांची गणती ही पगारी कामं पुरुषांकडे. वंगारी मथाई यांनी १९७७ मध्ये केनियात हरित पट्टा चळवळ सुरू केली. रोपं तयार करायला पदविका (डिप्लोमा) लागते, असं वनाधिकाऱ्यांना वाटत होतं. गावच्या बायकांनी बी ओळखण्याच्या आणि रुजवण्याच्या आपल्या ज्ञानावर रोपवाटिका उभ्या केल्या, आणि जगलेल्या रोपामागे त्यांना पैसे मिळाले. मथाईंना २००४ चं शांततेचं नोबेल मिळालं, ते सगळे सांगतात. मला मात्र जगलेल्या रोपाचे ते पैसे जास्त मोलाचे वाटतात, कारण तिथे त्या बायकांचं कौशल्य मोजलं गेलं. तुझ्या कार्यक्रमातल्या बायका रोपवाटिकेतून सर्वेक्षणाकडे कोणत्या पायरीने जाणार? आराखड्यात ती पायरी मला दिसली नाही.

शिकवणं एकाच दिशेने चालतं असंही समजू नकोस. रवांडामध्ये १९८० च्या दशकाच्या अखेरीस घेवड्यावर संशोधन करणाऱ्यांनी जाणकार शेतकरी बायकांना संशोधन केंद्राच्या शेतातच बोलावलं आणि वाण निवडायला सांगितले. त्या बायकांनी निवडलेले वाण पुढे त्यांच्या शेतांत शास्त्रज्ञांच्या निवडीपेक्षा सरस ठरले. आपली जमीन आणि आपली गरज त्यांना माहीत होती. तुझ्या बियाण्याच्या सत्राला अशाच दोघी-तिघींना तज्ज्ञ म्हणून बोलाव, आणि इतर तज्ज्ञांइतकंच मानधन दे.

पुढे नोकरीचा प्रश्न येतो. शिकलेल्या मुलीला धीर देणारे पुष्कळ भेटतात. जिथे नेमणुका ठरतात तिथे तिचं नाव घेणारे कमी भेटतात. ते काम तुला करायचं आहे. तिने केलेल्या मोजणीच्या अहवालावर तिचं नाव घाल. शिफारसपत्रात ‘मेहनती’, ‘मनमिळाऊ’ लिहून थांबू नकोस. ती कोणतं उपकरण चालवते, कोणता भाग तिने एकटीने मोजला, ते लिही. बाळंतपणानंतर परत येणारीला पुन्हा उमेदवारीपासून सुरुवात करायला लावू नकोस. आणि दूरच्या ठिकाणी कामावर पाठवण्याआधी राहायची सोय आणि तक्रार ऐकणारी व्यक्ती ठरलेली असू दे. ‘मुलगी आहे, नको पाठवायला’ हा त्यावरचा उपाय नव्हे. त्याने तिची बढतीच जाते.

थोडं तुझ्याबद्दलही. लवकरच तुला कायमचं ‘महिला विभागा’त बसवतील आणि माती-पाण्याचं काम दुसरीकडे जाईल. तसं होऊ देऊ नकोस. दर हंगामात एक तरी तांत्रिक काम स्वतःच्या हाती ठेव, मग ती विहिरींची मोजणी असो की वाणांची चाचणी.

सुधारलेला आराखडा पाठवशील तेव्हा सोबत एक यादी जोड. प्रशिक्षणानंतरच्या हंगामात कोणतं यंत्र, कोणतं कर्ज आणि कोणती जागा कोणाच्या नावावर होणार आहे, त्याची. आधी तीच वाचेन.

तुझी,
मावशी