बारसं आठवड्यावर, नाव अजून ठरेना

प्रश्न : मुलाची पाचवी पुजून झाली, बाराव्या दिवशी बारसं धरलंय. मला ‘कौस्तुभ’ आवडतं, यांना ‘शौर्य’च हवं. सासरे गेल्या वर्षी वारले, म्हणून सासूबाई त्यांचं ‘गोपाळ’ हेच नाव ठेवा म्हणतात. भटजींनी हस्त नक्षत्राचं तिसरं चरण सांगून ‘ण’ अक्षर काढून दिलंय. नणंद रोज विचारते, कानात काय सांगू? घरात आता नावाचा विषय निघाला की सगळे गप्प होतात. — एक आई, पारोळा तालुका

उत्तर : ताई, तुमच्या घरात चार नावांचं भांडण दिसतंय, पण जागाही एकच नाही. पत्रिकेतलं नाव, पाळण्यातलं नाव, हाक मारायचं नाव आणि दाखल्यावरचं नाव, या चार जागा आपल्याकडे पूर्वीपासून वेगळ्या आहेत. तुमची सगळी ओढाताण दाखल्यावरच्या एका जागेसाठी चालली आहे. बाकीच्या तीन आधी भरून टाका.

सोपं आधी. अवकहडा चक्रात, म्हणजे नक्षत्राच्या प्रत्येक चरणाचं (चौथ्या भागाचं) अक्षर देणाऱ्या कोष्टकात, हस्ताची चार अक्षरं आहेत : पू, ष, ण, ठ. ‘ण’वरून मराठीत नाव सापडत नाही, आणि ही अडचण तुमच्या एकट्याची नाही. अशा वेळी त्याच नक्षत्राचं दुसरं अक्षर घ्यायची रीत आहे. ऱ्हस्व-दीर्घही त्यात पाहत नाहीत, म्हणजे ‘पुष्कर’ चालतं. ते पत्रिकेत लिहा, कार्यात संकल्पाला वापरा. हाकेचं नाव याच अक्षरावरून हवं असं बंधन धरू नका. नक्षत्राचं एक चरण साधारण सहा तास चालतं, त्यामुळे जन्मवेळ दहा मिनिटं पुढेमागे झाली म्हणून अक्षर सहसा बदलत नाही. वेळ चरणाच्या सीमेवर असेल तरच भटजींना पुन्हा विचारा.

आता सासूबाईंचं. वर्षही न भरलेलं दुःख आहे, ते ‘जुनं नाव नको’ म्हणून झटकू नका. ‘गोपाळ’ हे पाळण्यातलं नाव ठेवा आणि नणंदेला ‘कुर्र’ करताना तेच पहिलं सांगू द्या. ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ म्हणत बाळ पाळण्याखालून-वरून फिरवतात, तेव्हा आजोबांचं नाव सगळ्या बायांच्या तोंडी येईल. सासूबाईंना तो मान जाहीरपणे मिळायला हवा, स्वयंपाकघरातल्या समजुतीवर त्यांची बोळवण होऊ नये. रोजच्या वापरात मात्र आजोबांचं नाव अवघड जातं, हे त्यांनाही ठाऊक असतं. पोराला रागावताना सासऱ्यांचं नाव घ्यायला सुनेची जीभ रेटत नाही. म्हणून अशा घरांत नातवाला अखेर ‘बापू’ नाहीतर ‘आबा’च म्हटलं जातं.

राहिलं तुम्हा दोघांचं. कौस्तुभ की शौर्य, हा वाद आता थांबवा. दोघांनी आपापलं नाव इतक्यांदा बोलून दाखवलंय की जे नाव सुटेल, त्याचा धनी हरला असं होणार. दोन संध्याकाळी घ्या. पहिल्या संध्याकाळी दोघांनी वेगवेगळ्या कागदावर दहा-दहा नावं लिहा, एकमेकांना न दाखवता. मग कागद बदला. समोरच्याचं जे नाव मुळीच सहन होणार नाही, त्यावर काट मारा. कारण विचारायचं नाही आणि सांगायचंही नाही. ‘अमक्याच्या दारुड्या पोराचं नाव आहे’ असं एकदा तोंडातून गेलं की ते नाव ठेवलं तरी विटाळतं. उरलेली नावं एका कागदावर उतरवा. चारपेक्षा कमी उरली तर पुन्हा पाच-पाच लिहा. ही यादी नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, तिथे चाळीस मतं येतील आणि तुमचं एकही राहणार नाही. ‘हे तुझं, पुढच्याचं माझं’ हा सौदाही नको. पुढचं केव्हा होईल, होईल का, कुणाला माहीत? आणि तोवर ती उधारी घरात बोलत राहते.

दुसऱ्या संध्याकाळी उरलेली नावं तोंडात घोळवा. इथे खान्देशाचा विचार करायलाच हवा. आपल्या बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो आणि ‘ण’चा ‘न’. शाळेची शाया, डोळ्याचा डोया, तसं गोपाळचं ‘गोपाय’ आणि नीळकंठचं ‘नीयकंठ’ होणार. प्रणवचा ‘प्रनव’ होईल. हा दोष नाही, ही आपली भाषा आहे. पण गल्लीत उच्चार दुरुस्त करत बसायचं नसेल तर हे आधी ऐकून घ्या. एकाने ओट्यावर उभं राहून गल्लीच्या टोकापर्यंत हाक मारा. शेवटी जोडाक्षर असलं की हाक लांबत नाही : ‘शौर्यऽ’चा ‘शौर्याऽ’ होतो. ‘कौस्तुभ’च्या शेवटी जोडाक्षर नाही, पण त्यातला ‘भ’ गिळला जाऊन ‘कौस्तुब’ उरतं. स्वराला लांबायला जागा असते ती नावं दुरून नीट ऐकू येतात : निनाद, मल्हार, ईशान. मग पुढे ‘भाऊ’ जोडून पाहा, कारण मिसरूड फुटल्यावर आपल्याकडे प्रत्येकाचा ‘भाऊ’ होतोच.

आडनावासकट म्हणणं विसरू नका. तुमचं आडनाव पाटील, चौधरी, महाजन किंवा सोनवणे असेल तर शाळेच्या हजेरीत त्याच आडनावाची पाच-सहा पोरं असणार. तिथे ओळख नावालाच पेलावी लागते. म्हणून अशा घरांनी फार चलतीचं नाव टाळावं असं आम्हाला मनापासून वाटतं. चाळीसगावजवळ पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापला होता आणि त्याचा शिलालेखही आहे. आपल्या मातीत इतका मान असलेलं ‘भास्कर’ आज लहान मुलांत क्वचित ऐकू येतं. यादीत घालून तर पाहा.

शेवटी दोन नावं उरली आणि दोन्ही दोघांना चालत असतील, तेव्हाच चिठ्ठी टाका. एकाला न चालणारं नाव चिठ्ठीत असेल तर निकाल लागतो, पण तो मानला जात नाही.

आणि बाराव्या दिवसापर्यंत नाही ठरलं, तरी काही अडत नाही. घुगऱ्या वाटा, ‘गोपाळ’ म्हणून पाळणा हलवा. जन्माची नोंद मात्र २१ दिवसांच्या आत व्हायलाच हवी आणि ती नावाशिवाय होते. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ मध्ये तशी सोय आहे. जन्माच्या अहवालात नावाचा रकाना मोकळा सोडा. नोंद झाल्यापासून १२ महिन्यांत नाव विनाशुल्क चढवता येतं, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. फार लांबवू नका, कारण लसीकरणासारखे कागद ‘बेबी ऑफ’ अमुक अशाच नावाने पुढे जातात आणि मग एकेक दुरुस्त करावा लागतो.

प्रश्न : दिराने दवाखान्यातल्या फॉर्मवर त्याच्या पसंतीचं नाव लिहून दिलं. आता बदलता येईल का? — एक वाचक, भुसावळ

उत्तर : आजच्या आज नोंदणी कार्यालयात जाऊन विचारा, नाव नोंदवहीत चढलंय का? कागद दवाखान्यातच असेल तर तिथेच थांबवा आणि अहवाल आई-वडिलांच्या सहीने नव्याने द्या. एकदा चढलेलं नाव पसंती बदलली म्हणून पुसता येत नाही. कायद्याचं कलम १५ चुकांच्या दुरुस्तीसाठी आहे. मग राजपत्रात नावबदल छापून आणणं आणि ती प्रत प्रत्येक कामाला जोडणं आलं. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्म प्रमाणपत्र हाच मुख्य पुरावा आहे, तेव्हा हे हलक्यावर घेऊ नका.

प्रश्न : माझं माहेर सुरतचं, बाळंतपण तिथेच झालं. सासर नंदुरबारचं. नाव कुठे नोंदवायचं? — एक आई

उत्तर : जन्म जिथे झाला तिथेच, म्हणजे सुरतला. नावही तिथल्याच नोंदवहीत चढेल. प्रमाणपत्र गुजराती आणि इंग्रजीत मिळेल, म्हणजे इकडच्या शाळेत मराठी नाव इंग्रजी स्पेलिंगवरून उतरवलं जाणार. खरी गफलत इथेच होते. ‘ईशान’ला आय की डबल ई, ‘विराज’ला व्ही की डब्ल्यू, ‘ज्ञानेश’ला डी-एन की जी, हे नोंद करायच्या आधी कागदावर लिहून दोन्ही घरांना पाठवा. नावाच्या रकान्यात नुसतं ‘ईशान’ लिहून येऊ नका, आडनाव नसेल तर पुढे पासपोर्टला खोळंबा होतो. १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी महाराष्ट्रात मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम ठरला आहे. शाळा इकडे घालायची असेल तर हा क्रम आजच ध्यानात ठेवा.

प्रश्न : ‘श्रेयश’ बरोबर की ‘श्रेयस’? आणि ‘रेयांश’चा अर्थ ‘सूर्याचा अंश’ असा नेटवर दिलाय, तो खरा का? — एक बाबा, शिरपूर

उत्तर : ‘श्रेयस’. श्रेयस् म्हणजे कल्याण. तसंच ‘पीयूष’मधला ‘पी’ आणि ‘नीरज’मधला ‘नी’ दीर्घ, ‘मयूरेश’मधला ‘यू’ दीर्घ. ‘-आंश’च्या नावांची फोड करून पाहा : शिव अधिक अंश शिवांश, रुद्र अधिक अंश रुद्रांश. ‘रेयांश’मधून अंश काढला की ‘रेय’ उरतं, आणि सूर्याला संस्कृतात रवी, भानू, आदित्य अशी कितीतरी नावं असली तरी ‘रेय’ त्यांत नाही. नाद आवडला म्हणून जरूर ठेवा, पण पोराने मोठेपणी अर्थ विचारला तर हा सांगू नका.