सोशल मीडियाच्या काळात पत्रकारांना सरकारी परवाना सक्तीचा करावा का?

हातात मोबाइल असलेला प्रत्येक जण पत्रकार झालेला असताना वकिलांप्रमाणे पत्रकारांनाही सनद सक्तीची का करू नये, असे आपण विचारले आहे. करू नये, हे माझे उत्तर गिरगावातल्या एका पाक्षिकात बरीच वर्षे काढल्यानंतरचे आहे.

आमच्या भागातली एक उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी, इमारत पुनर्विकासासाठी पाडली गेली, भाडेकरू विरार-नालासोपाऱ्याला पांगले आणि विकासकाने काही महिन्यांतच भाड्याचे धनादेश थांबवले. संबंधित कार्यालयात कागद पाहायला गेलो, तेव्हा साहेबांनी मान वर न करता विचारले, ‘‘अधिस्वीकृती आहे का?’’ म्हणजे सरकारने पत्रकाराला दिलेले मान्यतेचे कार्ड. नव्हते. शेजारच्या खुर्चीत एका मोठ्या दैनिकाचे प्रतिनिधी चहा घेत होते आणि त्यांच्या गळ्यात ते कार्ड होते. दुसऱ्या दिवशी त्यांच्या दैनिकात विकासकाचे प्रसिद्धिपत्रक स्वल्पविरामासकट छापून आले. आम्ही भाडेकरूंच्या पासबुकांच्या छायाप्रती, पैसे जमा न झालेल्या महिन्यांवर खुणा करून, पहिल्या पानावर छापल्या. विकासकाची बदनामीची नोटीस आली. आमच्या वकिलांनी त्याच छायाप्रती जोडून उत्तर धाडले आणि प्रकरण तिथेच थंडावले.

माझे थोरले मेहुणे मंत्रालयातून निवृत्त झाले असून, वृत्तपत्रांचे फार लाड झाले, असे त्यांचे ठाम मत आहे. वास्तविक राज्यघटनेत वृत्तपत्रांसाठी वेगळे कलमच नाही. कलम १९(१)(अ) मधले भाषण-अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य नागरिकाचे आहे आणि संपादक ते नागरिक म्हणूनच वापरतो, अशीच डॉ. आंबेडकरांची संविधान सभेतली भूमिका होती. मग नागरिकाने बोलण्यासाठी परवाना कोणाकडून घ्यायचा? मेहुण्यांचे उत्तर होते, ‘‘सक्षम प्राधिकाऱ्याकडून.’’ या सक्षम प्राधिकाऱ्यांचा इतिहास पाहावा. वृत्तपत्राची पाने किती आणि किंमत किती, हे ठरवू पाहणारा १९५६ चा कायदा ‘सकाळ’च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. सरकारी कारभाराबद्दलचे खरे-खोटे सरकारी कक्षानेच ठरवावे, ही माहिती तंत्रज्ञान नियमांतली २०२३ ची दुरुस्ती सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली.

धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात २०१८ साली मुले पळवणारे समजून जमावाने पाच जणांचा जीव घेतला, तेव्हा ती अफवा कोणत्याही वार्ताहराने नव्हे, तर फिरत्या संदेशांनी पोसली होती. सनदेने ती कशी थांबली असती, हे परवान्याच्या समर्थकांनी सांगावे. वृत्तपत्रांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारी प्रेस कौन्सिल निष्प्रभ आहे, हे मात्र मान्य. १९७८ च्या कायद्याने तिला समज देण्यापलीकडे अधिकार नाही आणि वाहिन्या तिच्या कक्षेतच येत नाहीत.

नियम हवाच असेल, तर तो नाव-पत्त्याचा असावा. आमच्या पाक्षिकाच्या शेवटच्या पानाच्या तळाशी, बारीक टायपात, मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावे पत्त्यासह छापावी लागत. हा दंडक १८६७ च्या कायद्यापासूनचा आहे आणि विकासकाची नोटीस आली तीही त्याच पत्त्यावर. बातम्या म्हणून व्हिडिओ टाकणाऱ्या आणि त्यावर जाहिरातींचे पैसे मिळवणाऱ्या प्रत्येकाने एवढे द्यावे. चूक झाली, तर दुरुस्ती मूळ बातमी जितक्या ठळकपणे दिली तितक्याच ठळकपणे द्यावी. परवानगी मात्र कोणाचीही लागू नये.

यात एक अडचण आहे. आपल्याच चाळीच्या विकासकाविरुद्ध बोलणाऱ्या एकट्या मुलाने पत्ता जाहीर केला, तर संध्याकाळी दारात माणसे उभी राहतील. पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राने २०१७ साली कायदा केला खरा, पण त्यातली व्याख्या माध्यमसंस्थेत काम करणाऱ्यांना समोर ठेवून केलेली आहे. पत्ता सक्तीचा करण्याआधी ती व्याख्या या मुलापर्यंत न्यावी लागेल, आणि इथे मेहुण्यांचा मंत्रालयातला अनुभव खरोखर उपयोगी पडला असता.