गणपतीत दोन दिवसांसाठी स्टुडंट व्हिसावरची मुलं घेतली, पैसे रोख दिले, तरी यूकेत राइट टू वर्क चेक (काम करायची परवानगी आहे का, याची तपासणी) करावा लागतो का?

करावाच लागतो. दोन दिवस असोत की दोन तास. रोखीने दिलं म्हणून काही सुटत नाही, उलट टॅक्सचं वेगळं लचांड मागे लागतं. मुलाकडून शेअर कोड घ्यायचा (सरकारी साइटवरून तो स्वतः काढतो तो कोड, डब्ल्यूने सुरू होणारा, बरेच जण भलताच पाठवतात), जन्मतारीख टाकून मालकांसाठीच्या सरकारी पानावर स्वतः बघायचं, फोटो त्याचाच आहे ना ते पाहायचं आणि पान जपून ठेवायचं. हे सगळं कामाला हात लावण्याआधी. त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला स्क्रीनशॉट चालत नाही.

पण तुम्ही गणपती म्हणालात म्हणून लिहायला बसले, कारण खरी मेख तिथेच आहे. मी लंडनमधल्या हॅरोजवळ घरगुती केटरिंग करते. एका वर्षी उकडीच्या मोदकांची मोठी ऑर्डर होती आणि माझ्या नवऱ्याच्या जुन्या मित्राने भाच्याला पाठवलं. मुलगा गुणी, एमएस्सी करणारा, कळ्या माझ्याहून सुबक पाडणारा. म्हणाला, "काकू, आता सुट्टी आहे, हवे तेवढे तास करतो." शेअर कोड व्यवस्थित निघाला. तरी मी युनिव्हर्सिटीकडून टर्मच्या तारखा मागवल्या. एक वर्षाच्या मास्टर्सला उन्हाळ्याची सुट्टी बहुतेक नसतेच, तो डिझर्टेशनचा (प्रबंध लिहिण्याचा) काळ असतो, म्हणजे टर्मच. तारखा आल्या, टर्म सप्टेंबरपर्यंत. म्हणजे स्टुडंट व्हिसावर टर्ममध्ये चालतात ते आठवड्याला वीसच तास, तेही सगळ्या नोकऱ्या मिळून, सोमवार ते रविवार. आणि हा पठ्ठ्या एका गोदामात वीस तास आधीच भरत होता! माझ्यासाठी शून्य उरले. मी त्याला जेवायला घातलं आणि घरी पाठवलं.

संध्याकाळी त्या मित्राचा, म्हणजे भावजींचा फोन. "आपल्याच पोराला कागद मागतेस? इंग्रजाहून इंग्रज झालीस." मग तोडगे. म्हणे सेवा म्हणून येऊ दे. अहो, देवळात पंगत वाढणं ही सेवा. माझ्या धंद्यात फुकट राबणं हे कामच, तेही तासांत धरतात. मग म्हणे इन्व्हॉइस देईल. स्टुडंट व्हिसावर स्वतःचा धंदा करताच येत नाही. पकडले गेलो असतो तर पहिल्याच वेळी एका माणसामागे ४५,००० पौंडांपर्यंत दंड (फेब्रुवारी २०२४ पासून, दुसऱ्यांदा ६०,०००). तो माझ्या नावावर आला असता, भावजींच्या नव्हे. आणि पोराचा व्हिसा गेला असता तर? बापाने जमीन तारण ठेवून कर्ज काढलंय, हे भावजींनीच मला सांगितलं होतं. मामांना भाच्याची एवढी कणव होती तर महिन्याचं भाडं द्यायचं होतं, माझ्या स्वयंपाकघरात कशाला ढकलायचं? अजून लग्नकार्यात माझ्याशी तुटक बोलतात. बोलू देत.

तर तुम्हीही टर्मच्या तारखा युनिव्हर्सिटीच्याच घ्या, मुलाच्या तोंडच्या नकोत, आणि दुसरीकडे किती तास करतो ते लिहून घ्या. डिग्रीखालच्या कोर्सला तर दहाच तास. आणि हो, तपासणी सगळ्यांचीच करा. नुसती "आपल्याकडच्या" मुलांची केलीत तर तो भेदभाव होतो. ब्रिटिश पासपोर्टवाल्याचा पासपोर्ट समोर धरून बघायचा, त्याला शेअर कोड लागत नाही.

मी वकील नाही. आधीच कुणाला कामावर घेऊन बसला असाल तर वकिलाकडे जा, मला मेसेज करू नका. ऐन गणपतीत हात हवे असतील तर पीएसडब्ल्यूवरची (शिक्षण संपल्यावर मिळणाऱ्या ग्रॅज्युएट व्हिसावरची) मुलं शोधा, त्यांना तासांची अट नाही. चेक मात्र त्यांचाही करायचाच. आणि लवकर शोधा, श्रावणातच सगळी बुक होतात.