रागीट मुलाच्या हाती पिस्तूल?

"मॅडम, आधीच पोरगा रागीट. त्यात त्याच्या हातात मी पिस्तूल द्यायचं?" समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसल्या बसल्याच आईंनी विचारलं.

बाई कोल्हापूरच्या. २०२४ साली पॅरिसला स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवलं तेव्हा यांनीही पेढे वाटले होते. पण ते दुसऱ्याचं पोर. आपला १४ वर्षांचा मुलगा सुट्टीतल्या नेमबाजी शिबिरानंतर एअर पिस्तुलाचा ध्यास घेऊन बसला, तेव्हा झोप उडाली.

ही काळजी मी हसण्यावारी नेत नाही. कुणाला इजा करायची भाषा करतो का, मुक्या जनावरांना छळतो का, स्वतःच्या जिवाचं बरंवाईट बोलतो का, ते आधी विचारलं. यातलं काहीही असतं तर नेमबाजीच्या रेंजचा विषय मीच थांबवला असता. तसं नव्हतं. दारं आपटायचा, ताट सरकवून उठायचा.

मग त्याला एकट्याला भेटले. तिथं काय आवडतं? बराच वेळ गप्प. "तिथं कुणी बोलत नाही. आणि चुकलं तर लगेच दिसतं, कुठं चुकलं." घरी त्याची चूक त्याला कळायची ती निकालाच्या दिवशी, बाबांच्या चढलेल्या आवाजात.

एका शनिवारी आईंना घेऊन रेंजवर गेले. १० मीटरवर कागद, त्यावर दहा गुणांचा गोल ११.५ मिलिमीटरचा, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा. मीही पिस्तूल धरून पाहिलं. किलोभर वजन एका हातात लांब धरलं की आपली धडधड टोकाला दिसते! नजर कागदावर नाही, पुढच्या साइटवर, म्हणजे पिस्तुलाच्या टोकावरच्या नेम धरायच्या खुणेवर ठेवायची. कागद धूसर दिसला तरी चालतो. ट्रिगरला हिसका दिला की छर्रा भलतीकडेच. रागावलेल्या माणसाचं तिथं काम नाही.

पोरानं हात उचलला. श्वास सोडून थांबला. सात-आठ सेकंद. आणि न मारताच हात खाली घेतला.

"का हो?" आई कुजबुजल्या.

"हलत होता," प्रशिक्षक म्हणाले. "स्पर्धेत ६० नेमांना ७५ मिनिटं असतात. घाई कशाला?"

असं तीनदा झालं. चौथ्यांदा मारला. आई कागदाकडे नाही, त्याच्या खांद्याकडे बघत होत्या.

नेमबाजीनं राग जाईल असं मी त्यांना सांगितलेलं नाही. त्याचं मूळ घरातल्या बोलण्यात आहे. ते काम वेगळं चाललंय, आता बाबाही येतात. पिस्तूल सध्या क्लबचंच वापरायचं. पुढं घरी आलंच तर कुलपात, आणि किल्ली आईंकडे.

परवा आईंचा फोन आला. दारं अजून आपटतात म्हणाल्या. पण विचारायचं होतं वेगळंच: "६०० पैकी ५१२ म्हणजे बरे का हो, मॅडम?"